घाटेअळीच्या पतंगामागे, पूर्णेच्या खोऱ्यात

शुक्रवार : अकोला, मूर्तिजापूर, दर्यापूर

हरभरा, तूर किंवा पऱ्हाटी म्हणजे कपाशी पेरणाऱ्या वऱ्हाडातल्या कोणाही माणसाला घाटे म्हणजे हरभऱ्याच्या शेंगा पोखरणारी घाटेअळी दाखवा. तो तिचं वय, तिची खोड आणि तिनं गेल्या साली केलेली नासाडी एका दमात सांगेल. तिचा पतंग दाखवला तर मात्र बहुतेक जण म्हणतील, हे तर दिव्यावरचं पाखरू. एकाच जिवाची दोन रूपं, आणि त्यातलं अंडी घालणारं रूपच आपल्या ओळखीचं नाही, हे मला बरेच दिवस टोचत होतं. म्हणून कार्तिक अमावास्येचा सुमार धरून निघालो. चांदणं असलं की पतंग दिव्यावर कमी येतात, म्हणून अमावास्या. सोबत प्राणिशास्त्र शिकवणारा मित्र, एक पांढरी चादर, दोर, १६० वॅटचा पाऱ्याच्या वाफेचा बल्ब आणि खूप लांब वायर.

अकोल्यात कृषी सेवा केंद्रातून कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या गंधानं नर पतंग ओढणारे सापळे, आणि त्यांचे ल्युअर, म्हणजे त्यात बसवायचे गंधाचे तुकडे, घेतले. मूर्तिजापूरला बंद पडलेल्या शकुंतला रेल्वेचे रूळ गवतात शिरलेले दिसले. तिथून दर्यापूरच्या रस्त्याला लागलो की दोन्ही बाजूंना नजर पोचेल तिथपर्यंत काळी सपाट जमीन. बाया कापूस वेचत होत्या, तुरी पिवळ्या फुलांनी आणि कोवळ्या शेंगांनी वाकल्या होत्या, हरभरा नुकता फुलावर आला होता. ज्याच्या मागे आम्ही निघालो होतो त्याच्यासाठी याहून भरलेलं ताट कुठलं?

गाडीत मित्र या पतंगाचं गणगोत सांगत होता. शास्त्रातलं नाव हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा. याकोब ह्युब्नर या जर्मन अभ्यासकानं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला या जातीचं वर्णन केलं. पुढे बराच काळ ती हेलिओथिस या वंशात मोडायची. १९६५ साली हार्डविक यांनी हेलिकोव्हर्पा हा वंश वेगळा काढला. दोन्ही वंश नॉक्टुइडी या मोठ्या निशाचर कुळातल्या हेलिओथिनी उपकुळातले. या उपकुळात जगभरात चारशेच्या आसपास जाती, आणि त्यांची खरी गर्दी कोरड्या, उघड्या माळरानांत नि अर्धवाळवंटी मुलखात. ओल्या दाट जंगलात हे पतंग तितके रमत नाहीत.

त्यामागचं कारण मला फार आवडलं. या अळ्यांचा जीव पानापेक्षा कळी, फूल आणि कोवळा दाणा यांवर. कोरड्या मुलखात झाडं थोडे दिवस फुलतात आणि आटोपतात. म्हणजे फूल जिथे असेल तिथे रातोरात पोचता आलं पाहिजे, आणि फुलं नसतील तेव्हा कुठेतरी दम धरून पडून राहता आलं पाहिजे. हेलिकोव्हर्पाला दोन्ही साधलंय. पतंग वाऱ्यावर शेकडो किलोमीटर जाऊ शकतो, आणि दिवस वाईट असले तर कोष मातीत महिनोन्‌महिने थांबून राहतो. आपण कोरडवाहू रानात एकापाठोपाठ एक फुलणारी पिकं लावली आणि त्याची भटकंती सोपी करून दिली. सप्टेंबर-ऑक्टोबरात पऱ्हाटी, मग तूर, मग हरभरा.

शनिवार : खारपाणपट्टा

मुक्काम दर्यापूरच्या पुढच्या एका गावात, मित्राच्या नात्यातल्या घरी. हा सगळा खारपाणपट्टा. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना जमिनीखालचं पाणी खारं, विहिरीचं पाणी पिकाला देता येत नाही. तरीही इथला हरभरा नावाजलेला, कारण ही खोल काळी माती पावसाळ्याचं पाणी पोटात धरून ठेवते आणि त्या ओलीवर पीक निघतं. फवारणीलासुद्धा गोडं पाणी लांबून आणावं लागतं. एक फवारणी वाचली तर इथे औषधाबरोबर पाण्याचेही पैसे वाचतात.

पहाटेच वावरात गेलो. घरातल्या आजी हरभऱ्यावर धुतलेलं पांढरं फडकं फिरवत होत्या. हरभऱ्याच्या पानांवरच्या बारीक केसांतून आंबट पाझर सुटतो. दवानं भिजलेली ती आंब फडक्यात टिपायची नि पिळून बाटलीत भरायची. पोटदुखीवर घरोघरी ठेवतात. तिच्यात मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्लं असतात, आणि यातल्या ऑक्झॅलिक आम्लानं घाटेअळीची वाढ खुंटते. ज्या वाणाच्या पानांवर ते जास्त साठतं तो वाण अळीपुढे जरा टिकून राहतो. आजींना आम्लाचं नाव सांगितलं तर त्या म्हणाल्या, "आंबट हाये म्हनूनच त अळी पानं सोडून घाट्यात तोंड घालते." अळीनं दाण्याची वाट धरण्यामागे तेवढं एकच कारण नाही, हे खरं. पण झाडाची आणि अळीची लढाई पानावरच सुरू होते, हे त्यांनी बरोबर हेरलं होतं.

मग अंडी शोधायला बसलो. गुडघे टेकून, भिंग डोळ्याला लावून, एकेक शेंडा. अंडं अर्ध्या मिलिमीटरचं, पिवळसर पांढरं, उभ्या बारीक रेघांचं, आणि एका जागी एकच. मादी हजाराच्या वर अंडी घालू शकते, पण ढीग घालत नाही. एक इथे, एक चार झाडं सोडून. या अळ्या जरा मोठ्या झाल्या की एकमेकींना खातात, त्यामुळे विखरून घातलेली अंडीच जगतात. पंचविशीतली घरची सून आमच्या मागे मागे फिरत होती. पहिलं अंडं तिलाच सापडलं, आमच्या दोघांच्या आधी.

घरमालक काका धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, उभे होते. म्हणाले, "आभाळ आलं का अळी पडते, हे आमी लहानपनापासून आयकतो." ढगाळ, दमट दिवसांत अळी फोफावते हे त्यांचं निरीक्षण खोटं नाही. पण ती पडत नाही. आभाळ येण्याच्या आधीच, तीन-चार रात्रींपूर्वी, कोणीतरी येऊन अंडी ठेवून गेलेलं असतं. आज रात्री ते कोणीतरी दाखवतो, असं त्यांना सांगितलं.

संध्याकाळी धुऱ्यावर दोन काठ्या रोवून चादर ताणली आणि गोठ्यातून वीज आणली. दिवा लागला तसे आधी तुडतुडे आणि बारीक भुंगे आले. मग तंबाखूवरच्या अळीचा रेघारेघांचा पतंग, मग एरंडीवरच्या उंटअळीचा जाडजूड काळा-पांढरा पतंग, मग पंखांवर चांदीचा ठिपका मिरवणारे. आठच्या पुढे चादरीच्या कडेला एक पतंग येऊन पंख मिटून बसला. अंगानं भरदार, छातीवर दाट लव, पसरलेले पंख साडेतीन ते चार सेंटिमीटर. पुढच्या पंखावर मध्याला मूत्रपिंडाच्या आकाराचा गडद डाग. काडीनं पंख हलकेच उचलला तर मागचा पंख फिका, आणि त्याला काळपट रुंद काठ. रंग पिवळट नारिंगी, म्हणजे मादी. नर जरा हिरवट राखाडी असतो. विजेरी तिरपी धरली तर डोळे निखाऱ्यासारखे लालसर चमकले.

काकांनी वाकून पाहिलं. सुनेनं पाहिलं. "हे पाखरू? हे त रोज आमच्या ओसरीच्या दिव्यावर येते, मी झाडूनं झाडून टाकते," ती म्हणाली. काका बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हंजे आपन मारतो ते पोट्टे, अन माय त उडूनच जाते."

इतकं नेमकं मला चार पानांत लिहिता आलं नसतं.

रात्री जेवायला तुरीच्या ओल्या दाण्यांचा सोलेभात आणि ठेचा होता. सोलताना ज्या शेंगांना भोक दिसलं त्या आजींनी बाजूला ठेवल्या होत्या, आम्हाला दाखवायला. प्रत्येक भोक गोल, काठ स्वच्छ. हरभऱ्याच्या घाट्यातही अळी अशीच डोकं आत घालून आणि अर्धं अंग बाहेर ठेवून दाणा खाते.

रविवार : त्याच वावरात

सकाळी शेजारच्या वावराकडे बोलावणं आलं. तिथल्या दादांनी चार-पाच दिवसांपूर्वी अळीवरचा विषाणू फवारला होता. हा एचएएनपीव्ही म्हणून ओळखला जातो आणि फक्त या अळीला आणि तिच्या जवळच्या नात्यातल्या अळ्यांना लागतो. माणसाला, जनावराला, मधमाशीला काही नाही. वावरात शिरलो आणि पाय थबकले. झाडांच्या शेंड्यांवर अळ्या मागच्या पायांनी चिकटून डोकं खाली टाकून लोंबत होत्या. काळ्या पडलेल्या, आतून पाणी झालेल्या. विषाणूचे कण पानाबरोबर पोटात जातात. अळीच्या पोटातलं पाणी अल्कधर्मी, त्यात कणांवरचं कवच विरघळतं आणि विषाणू मोकळा होतो. मरताना अळी उंच चढते, कातडी फुटते, आणि आतला सगळा विषाणू खालच्या पानांवर गळतो. पुढची अळी तीच पानं खाते.

दादांनी फवारणी संध्याकाळी केली होती आणि पाण्यात थोडी नीळ घातली होती. उन्हातल्या अतिनील किरणांनी हा विषाणू लवकर मरतो, म्हणून या दोन्ही गोष्टी. त्याहून मोलाची तिसरी गोष्ट म्हणजे अळ्या लहान असतानाच फवारायचं. बोटाएवढी झालेली अळी मरायला वेळ घेते आणि तोवर घाटे पोखरतच राहते. विदर्भात हा विषाणू अजून कमी वापरला जातो याचं मला मनापासून वाईट वाटतं. तो लगेच मारत नाही, दोन दिवस वाट पाहून माणूस धीर सोडतो आणि दुकानातून जहाल काहीतरी घेऊन येतो.

जहालाचा इतिहास याच पिकांनी पाहिला आहे. १९८० च्या दशकाच्या शेवटी या अळीनं सिंथेटिक पायरेथ्रॉइड या कीटकनाशकांना दाद देणं सोडलं, आणि नव्वदीत पऱ्हाटीवर फवारण्यांचा आकडा चढत गेला. काका त्या वर्षांबद्दल बोलताना आवाज खाली आणत होते. २००२ साली अळीला मारक प्रथिन स्वतःच बनवणारी बीटी कपाशी आली आणि पऱ्हाटीवरून ही घाटेअळी, जिला तिथे हिरवी बोंडअळी म्हणतात, जवळजवळ हटली. आता तिथे गुलाबी बोंडअळीचा ताप आहे, पण ती वेगळ्या कुळातली. घाटेअळी मात्र तूर आणि हरभऱ्यावर ठाण मांडून आहे. १८० हून जास्त वनस्पतींवर जगू शकणाऱ्या जिवाला एक पीक नाकारलं म्हणून त्याचं काही अडत नाही. तिची जवळची बहीण हेलिकोव्हर्पा असल्टा मिरची, तंबाखू, चिरबोटी असं एकच झाडकुळ धरून बसते, आणि म्हणून आपल्या कानावरही येत नाही.

दुपारी खुरप्यानं तुरीच्या बुडाची माती उकरली. एका वितीच्या आतच चकचकीत तपकिरी कोष सापडला, मातीच्या गुळगुळीत खोलीत ठेवल्यासारखा. अळी जमिनीत शिरताना बाहेर पडायची वाटही करून ठेवते. पतंगाला माती खोदता येत नाही, म्हणून ती सोय अळीच्याच हातून होऊन जाते. उन्हाळ्यात खोल नांगरट का करायची ते सुनेनं तो कोष हातात धरूनच विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं, "ऊन लागते अन बगळे खातात, नाही का?" हो, तेच. हरभऱ्यात अधूनमधून ज्वारीचे ताटे ठेवायचे ते त्यासाठीच. कोतवाल आणि वेडा राघू त्यावर बसतात आणि खाली झेप घेतात.

त्याच ओळीत, झाडावर, तांदळाच्या दाण्याएवढं राखाडी काही चिकटलेलं दिसलं, त्यावर काळे डाग. हा कॅम्पोलेटिस नावाच्या बारीक गांधिलमाशीचा कोष. ती लहान अळीच्या अंगात अंडं घालते, आतलं पिल्लू अळीला संपवून बाहेर येतं आणि तिथेच आपला कोष विणतं. सरसकट फवारणीत आधी हे मदतनीस जातात. मी ते दाखवलं तेव्हा दादा म्हणाले, हे तर आम्ही अळीचं अंडं समजून चिरडत होतो.

रात्री काकांबरोबर जागलीला माचावर गेलो. रोही म्हणजे नीलगायी आणि रानडुकरांमुळे आता हिवाळाभर जागल. खाली चादर, वर आम्ही, शेकोटी जरा लांब. दिव्याच्या प्रकाशाभोवती बारकी वटवाघळं फेऱ्या मारत होती. मित्रानं सुनेच्या पोराला किल्ल्यांचा जुडगा दिला आणि चादरीजवळ खुळखुळवायला सांगितला. खुळखुळ झाली आणि चादरीभोवती उडणारे दोन-तीन पतंग पंख आवळून दगडासारखे गवतात पडले. पोरगं ओरडलंच. या पतंगांना छातीच्या मागच्या भागात दोन कान असतात, प्रत्येक कानात आवाज टिपणाऱ्या फक्त दोन पेशी, आणि त्या वटवाघळाच्या, आपल्या कानांपलीकडच्या उंच पट्टीतल्या आवाजाला जुळलेल्या. किल्ल्यांच्या धातूतून तसाच आवाज निघतो, आपल्याला तो ऐकू येत नाही इतकंच. "किल्ल्या वाजवा ना, आनखी एक खेप," असं म्हणत पोरगं स्वतःच वाजवत राहिलं, झोप येईपर्यंत.

काकांना रात्रीचा हिशेब समजावून घ्यायचा होता. अंधार पडताच पतंग फुलांवर मध प्यायला निघतात. रात्रीच्या पहिल्या भागात माद्या अंडी घालतात. मध्यरात्र उलटली की अजून मीलन न झालेल्या माद्या पोटाच्या टोकाशी गंध सोडतात आणि नर वाऱ्याच्या उलट दिशेनं त्या वासावर येतात. सापळ्यातल्या ल्युअरमध्ये त्याच गंधाची नक्कल असते, म्हणून त्यात फक्त नर सापडतात. ही गोष्ट सगळ्यात जास्त गैरसमजाची आहे. हेक्टरी पाच सापळे लावून अळी संपत नाही. सापळा हा मोजायला आहे. सलग दोन-तीन रात्री एका सापळ्यात आठ-दहा नर आले की समजायचं, माद्याही आल्या आहेत, अंडी पडत आहेत, आता शेंडे तपासायचे.

"म्हंजे हे पाखरांचं हजेरीबुक हाये," काका म्हणाले. तेव्हाच विजेरीच्या उजेडात दोन सापळे त्यांच्या वावरात उभे केले.

सोमवार : अंजनगाव सुर्जी, अचलपूर

निघताना वाटेत ऋणमोचनला पूर्णेच्या घाटावर थोडं बसलो. गाडगेबाबांनी बांधवून घेतलेला हा घाट. त्यांचं लहानपण याच खोऱ्यात, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्यात, मामाच्या घरी शेतीची कामं करण्यात गेलं होतं. अंजनगावला पानमळे आणि पानपिंपळीचे वेल पाहिले. सावलीची, ओली जागा, आमच्या पतंगाला फारशी उपयोगाची नाही. अचलपूरला रात्री धुई दाटली आणि चादरीवर काहीच आलं नाही. लवकर झोपलो.

मंगळवार : वरूड

संत्र्याच्या बागेतला मुक्काम. इथला गुन्हेगार दुसऱ्याच घराण्यातला, पण पूर्वी ज्याला याच नॉक्टुइडी कुळात धरत आणि आता इरेबिडी कुळात धरतात असा. युडोसिमा, फळाचा रस पिणारा पतंग. पुढचे पंख वाळक्या पानासारखे, मिटून बसला तर फांदीवर दिसतच नाही. विजेरी पडताच पंख उघडतो आणि मागे भडक नारिंगी, त्यावर काळा पट्टा. एवढा देखणा पतंग या मुलखात दुसरा मी पाहिलेला नाही.

घाटेअळीत नुकसान अळी करते आणि पतंग मध पितो. इथे उलटं. अळी धुऱ्यावरच्या गुळवेलीवर आणि वासनवेलीवर निवांत वाढते, संत्र्याला हातही लावत नाही. पतंगाची सोंड मात्र टोकाला कडक आणि काटेरी, ती पिकल्या संत्र्याच्या सालीत घुसते. भोक सुईएवढं. त्यातून बुरशी शिरते, भोवती तपकिरी डाग पडतो आणि आंबिया बहाराचं, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी आलेल्या फुलांचं, तयार फळ गळतं. बागवाले दादा रोज सकाळी गळालेली फळं वेचून खड्ड्यात पुरत होते आणि संध्याकाळी बागेच्या कडेला धूर करत होते. वासानं पतंग येतात, तो वास झाकायचा. दोन्ही उपाय बरोबरच. धुऱ्यावरचा सगळा वेल तोडून टाकू का, असं त्यांनी विचारलं तेव्हा मित्रानं आधी अळी शोधून दाखवली, अंग वाकवून डोळ्यांसारखे मोठे ठिपके रोखणारी. बागेला लागून असलेला वेल काढा, असं त्यानं सांगितलं. गुळवेल गावात औषधाला लागते, ती पार संपवू नका, असंही.

बुधवार : परतीचा रस्ता

मोर्शीजवळ चहाला थांबलो असताना सुनेचा फोन आला. रविवार रात्रीपासून ती रोज सकाळी सापळ्यातली पिशवी सोडून नर मोजत होती आणि पोराच्या वहीत लिहीत होती. पहिल्या रात्री सहा, दुसऱ्या रात्री नऊ, आज अकरा. शेंड्यांवर अंडी पुष्कळ, बारीक अळ्याही दिसू लागलेल्या, एक मीटर ओळीत एक-दोन. काकांचा विचार दुकानातून औषध आणायचा होता. तिचं म्हणणं, अळी अजून दाण्यात शिरलेली नाही तर आधी निंबोळी अर्क का नको?

मित्रानं प्रमाण सांगितलं. पाच किलो निंबोळी कुटून रात्रभर पाण्यात भिजत घालायची, सकाळी फडक्यानं गाळून शंभर लिटर पाणी करायचं. मग चार-पाच दिवसांनी पुन्हा ओळी मोजायच्या, अळ्या असतील तर विषाणू, संध्याकाळी, नीळ घालून. तिनं सगळं लिहून घेतलं आणि विचारलं, पहिल्या फवारणीनंतरही सापळे मोजत राहायचे ना? राहायचे, घाटे भरेपर्यंत. आणि ल्युअर तीन आठवड्यांनी बदलायचा, त्याचा वास तेवढाच टिकतो. दोन जास्तीचे ल्युअर आम्ही तिच्या घरीच ठेवून आलो होतो, ते फ्रिजमध्ये ठेवायला सांगितले.